एक केंद्र, दोन लहरी

हुबळीच्या दाजीबानपेठेत एका भाषेवर बाजार चालत नाही. तुळजाभवानीच्या देवळामुळं ओळखल्या जाणाऱ्या या पेठेत व्यवहार कन्नडमध्ये होतो, अनेक घरांत मराठी चालते, आणि सावजी म्हणून ज्यांच्या खानावळी गावभर प्रसिद्ध आहेत त्या सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची स्वतःची बोली आहे. अशा पेठेतल्या दुकानात रेडिओ लावला, तर वीसेक किलोमीटरवरच्या धारवाडहून आकाशवाणीचे दोन वेगवेगळे आवाज येतात. 765 किलोहर्ट्झच्या मध्यम लहरीवर धारवाड केंद्राची प्राथमिक वाहिनी. तिच्यावर बातम्या, शेतीची माहिती, शास्त्रीय गायन, नाटक, मुलांचे आणि बायकांचे कार्यक्रम. 103 मेगाहर्ट्झच्या एफएमवर त्याच धारवाडची विविध भारती. तिच्यावर चित्रपटगीतं, फर्माइशी आणि जाहिराती. मालक एक, गाव एक, उद्घोषकांची परंपराही एकच. तरी काटा इकडून तिकडं सरकवला की श्रोता जणू दुसऱ्याच्या घरात शिरतो. रेडिओवाले याला फॉरमॅटचा फरक म्हणतात. हा फरक पडला कधी आणि पाडला कोणी, हे पाहिलं तर गेल्या 75 वर्षांतल्या आपल्या रेडिओचा प्रवास उलगडतो. रूढ समजूतही मग टिकत नाही.

रूढ समजूत अशी की पूर्वी आकाशवाणीवर सगळं काही भारदस्त होतं, मग खाजगी एफएम आलं, लोकांची अभिरुची उतरली आणि रेडिओ म्हणजे दिवसभर वाजणारी गाणी असं समीकरण झालं. यात काळाचा क्रम चुकतो आणि दोषही भलत्याच्या माथी जातो. गाणी एकीकडं आणि बाकीचं जग दुसरीकडं, ही वाटणी खाजगी वाहिन्यांनी केलेली नाही. त्या भारतात आल्या 2001 साली. वाटणी त्याआधी 44 वर्षं खुद्द आकाशवाणीनंच केली होती, आणि तीही अभिरुची उंचावण्याच्या प्रयत्नातून. पुढं लहरीचा पल्ला आणि पैशाचा उगम यांनी ती पक्की केली. श्रोत्यांच्या आवडीचा यात हात आहे, पण तो सर्वांत लहान.

धारवाड केंद्र सुरू झालं 8 जानेवारी 1950 रोजी, प्रजासत्ताक व्हायला 18 दिवस उरले असताना. तेव्हा धारवाड मुंबई प्रांतात होतं. स्वातंत्र्य मिळालं त्या वेळी भारताच्या वाट्याला आलेली नभोवाणी केंद्रं अवघी 6. सरदार पटेलांकडं माहिती खातं असताना प्रादेशिक केंद्रांचा विस्तार हाती घेण्यात आला. नागपूर, विजयवाडा, अहमदाबाद अशी नवी केंद्रं निघाली, त्याच लाटेत धारवाडही आलं. गावाची निवड सहज पटण्यासारखी होती. कर्नाटक विद्यावर्धक संघ इथं 1890 पासून कन्नडचं काम करत होता, आणि मिरजेहून हुबळी-धारवाडकडं येणाऱ्या रेल्वेनं ख्याल आणि नाट्यसंगीत या भागात केव्हाच रुजवलं होतं. हुबळीजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ मराठी रंगभूमीवर सवाई गंधर्व झाले ते याच वाटेनं. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे. त्यांची तालीम आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडं आणि नंतर मुंबईला अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्यात झाली. पुढं ते धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार झाले. 1956 मध्ये सोलापूरच्या महाविद्यालयातून परतलेले द. रा. बेंद्रेही याच केंद्राचे सल्लागार होते. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, काव्याची भाषा कन्नड, आणि मराठीतही त्यांनी लेखन केलं. सीमावादाच्या तापल्या वातावरणात आज ही नावं भाषेच्या रकान्यांत भरली जातात. केंद्र सुरू झालं तेव्हा त्यांना रकाने नव्हते.

त्या काळच्या केंद्राला एकच लहर असे, त्यामुळं दिवसाची विभागणी वेळेनुसार करावी लागे. आकाशवाणीच्या भाषेत दिवसाच्या तीन सभा: सकाळची पहिली, दुपारची दुसरी आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंतची तिसरी. प्रत्येक सभेत कोणासाठी काय, हे आधीच ठरलेलं. पहाटे भक्तिगीतं, मग बातम्या, दुपारी घरातल्या बायकांसाठी, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी, रात्री नभोनाट्य किंवा मैफल. या रचनेचा एक परिणाम कागदावर दिसत नसे. आपल्यासाठी नसलेला कार्यक्रमही कानावर पडे. पेठेतल्या कापडवाल्याला ज्वारीवरच्या किडीची माहिती मिळे आणि शेतकऱ्याच्या अंगणात मन्सूरांचा एखादा अनवट राग येऊन जाई. दोघांनीही ते मागितलेलं नसे. प्रत्येकाला सगळं आवडे असा याचा अर्थ नाही. पण शेजारी कोण राहतो आणि त्याच्या अडचणी काय आहेत, याची कुणकुण त्या एका लहरीवरून लागत असे.

या रचनेला पहिला तडा गेला तो 1952 मध्ये. माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ, पुण्याचे, संगीताचे जाणकार आणि चित्रपटगीतांचे कडवे विरोधक. सोवळं मात्र त्यांनी नव्यानं आणलेलं नव्हतं. पाश्चात्त्य स्वररचनेची पेटी भारतीय गाण्याला मारक आहे असं म्हणून आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली ती इंग्रजांच्या अमदानीत, 1940 साली, आणि ती उठायला 1971 उजाडावं लागलं. केसकरांनी तीच वृत्ती चित्रपटगीतांना लावली. आधी गाण्यांचं प्रमाण कमी केलं, गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं बंद केलं; निर्माते चिडले, परवानग्या निघून गेल्या आणि आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. कोलंबोच्या लघुलहरी दख्खनभर सहज ऐकू येत. सरकारनं दार लावलं आणि श्रोते शेजारच्या देशात जाऊन बसले.

केसकरांच्या धोरणाची दुसरी बाजू नोंदवली नाही, तर हा हिशेब लबाडीचा होईल. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळात, 1952 साली सुरू झाला. संस्थानं विलीन झाल्यावर आश्रय गमावलेल्या गवयांना आकाशवाणीनं बिदागी आणि श्रोते दोन्ही दिले. धारवाडसारख्या गावात राहून मोठं गायक होता येतं, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, हे शक्य झालं त्यात या केंद्राचा वाटा मोठा आहे. चित्रपटगीतांना पर्याय म्हणून केसकरांनी सुगम संगीताला बळ दिलं, आणि त्याचं सर्वांत गोड फळ मराठीच्या पदरात पडलं. पुणे केंद्रावरून 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण प्रसारित झालं. त्याला मिळालेलं प्रेम सर्वांना ठाऊक आहे. याच पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं 1956 मध्ये शेतकरी श्रोतेमंडळांचा प्रयोग केला. मुंबई राज्याच्या 5 मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांमध्ये शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि शंका केंद्राला कळवत. टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलेल्या पाहणीत असं दिसलं की मंडळं असलेल्या गावांतली जाणकारी इतर गावांपेक्षा ठळकपणे वाढली. लोकांना भारदस्त काही नकोच असतं, हे म्हणणं या दोन उदाहरणांपुढं टिकत नाही.

मग 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती आली. सिलोनकडं गेलेला श्रोता परत आणायचा होता, पण मुख्य केंद्रांचं सोवळंही मोडायचं नव्हतं. त्यावर तोड निघाली ती अशी की करमणुकीची वाहिनीच निराळी काढावी. मुंबई आणि मद्रासच्या लघुलहरींवरून ती सुरू झाली, पंडित नरेंद्र शर्मांनी तिला रूप दिलं, आणि फौजी जवानांसाठीच्या जयमालापासून हवामहलपर्यंत तिचे कार्यक्रम घराघरांत गेले. श्रोत्याच्या दृष्टीनं हा विजयच होता. पण केंद्राच्या रचनेच्या दृष्टीनं पाहिलं, तर त्या दिवशी आपल्याकडं फॉरमॅट जन्माला आला. लोकप्रिय ते एका लहरीवर आणि उपयुक्त ते दुसऱ्या लहरीवर गेलं. प्राथमिक वाहिनीवरचं शास्त्रीय गायन किंवा शेतीचं बोलणं यापुढं त्यांनाच ऐकू येणार होतं जे मुद्दाम तिथं काटा नेतील. ओवळं नको म्हणून पंगत वेगळी मांडली आणि बहुतेक पाहुणे त्या दुसऱ्याच पंगतीला जाऊन बसले.

वाटणीवर शिक्कामोर्तब केलं ते पैशानं. एके काळी रेडिओ बाळगायला परवाना लागे. पोस्टात दरवर्षी शुल्क भरून पुस्तकावर तिकिटं चिकटवून घ्यावी लागत. त्या शुल्कात कापडवाला आणि शेतकरी सारखेच ग्राहक होते, म्हणून केंद्र दोघांचंही देणं लागत होतं. 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, पुढं इतरत्रही पसरल्या, आणि 1980च्या दशकाच्या मध्यात परवाना शुल्क रद्द झालं. लोकांना दिलासा मिळाला. मात्र श्रोता आता केंद्राचा ग्राहक उरला नाही. ग्राहक झाला जाहिरातदार, आणि श्रोता हा त्याला विकायचा माल. जाहिरातदाराला सगळे श्रोते नको असतात. खिशात पैसे असलेले, एका वयाचे, एका आवडीचे लोक दिवसभर जागेवर बसलेले त्याला हवे असतात. तीन सभांची विविधता त्याच्या दृष्टीनं गळती ठरते, कारण कार्यक्रम बदलला की त्याचा श्रोता उठून जातो. विविध भारतीचा दिवस गाण्यांनी भरलेला आणि प्राथमिक वाहिनीचा मिसळीचा का राहिला, याचं कोडं इथं सुटतं. मालक एकच असूनही दोन्हींचे पोशिंदे वेगळे होते.

दुसरी गोष्ट लहरीची. 765 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 392 मीटर. अशी लांब लहर जमिनीला धरून टेकड्यांवरून वळत दूर जाते, आणि रात्री आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परतून आणखी पुढं पोचते. धारवाडचा 200 किलोवॅटचा प्रक्षेपक त्यामुळं बेळगाव, कारवार, कोल्हापूर अशा पट्ट्याला हाक घालू शकत होता. 103 मेगाहर्ट्झची लहर जेमतेम 3 मीटरची. ती सरळ रेषेत धावते आणि क्षितिजाला थांबते. आवाज स्वच्छ, खरखर नाही, पण भरवशाचा पल्ला साधारण 50-60 किलोमीटर. धारवाडहून हुबळी त्यात आरामात बसते. 75 किलोमीटरवरचं बेळगाव काठावर किंवा काठाबाहेर राहतं. ज्या केंद्राला सह्याद्रीपासून कृष्णाकाठापर्यंतच्या लोकांशी बोलायचं असतं, त्याला पिकं, पाऊस, भाषा आणि गाणी यांची मिसळ करावीच लागते. ज्याला एका जोडशहराशी बोलायचं असतं, त्याला ती गरज वाटत नाही. भारतात एफएमची सुरुवात 1977 मध्ये मद्रासला झाली, आणि नंतरच्या काळात ऐकणारा हळूहळू मध्यम लहर सोडून स्वच्छ आवाजाकडं गेला. श्रोत्यानं निवडला होता निर्मळ आवाज. त्याच्याबरोबर लहान वर्तुळ आणि एकसुरी दिवस आपोआप आले.

म्हणून 2001 साली बंगळुरूत पहिली खाजगी एफएम वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिला नवं काही शोधायचं नव्हतं. विविध भारतीचा साचा तयार होता. सरकारनं त्या साच्याला आणखी घट्ट दोरी बांधली. पहिल्या फेरीत लिलावानं ठरलेलं परवाना शुल्क दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढणार होतं, मग उत्पन्न होवो वा न होवो. मुंबईत ही रक्कम वर्षाला कोट्यवधींत गेली. स्वतःच्या बातम्या देण्यावर बंदी होती, ती आजही आहे. ज्याला बातमी देता येत नाही आणि ज्याच्या मानेवर असं ओझं आहे, तो हिंदी चित्रपटातली ताजी गाणी सोडून दुसरं काय वाजवणार? मुंबईत इंग्रजी गाण्यांचा वेगळा बाज धरलेल्या गो 92.5 या वाहिनीलाही नाव आणि सूर बदलून रेडिओ वन व्हावं लागलं, विन 94.6 तर बंदच पडली. 2005 मध्ये धोरण बदललं, ठराविक शुल्काऐवजी उत्पन्नाच्या 4 टक्के वाटा घ्यायचं ठरलं, आणि देशभर वाहिन्यांची संख्या 245 वर गेली. कोल्हापूरसारख्या शहरांत खाजगी एफएम पोचलं आणि तिथं मराठी निवेदन, मराठी गाणी वाजू लागली. मुंबईत मराठी माणसं कोल्हापुरापेक्षा कितीतरी जास्त, पण तिथल्या खाजगी वाहिन्यांवर वरचष्मा हिंदीचाच राहिला. कोल्हापूरकरांची आवड 2005च्या एका वर्षात बदललेली नव्हती. सरकारच्या अटी बदलल्या होत्या.

यावर पहिला आक्षेप असा की लोकांनी काट्यानं मत दिलं. मिसळ हवी असती तर ते सिलोनकडं गेलेच नसते. पण 1952 मध्ये श्रोत्यापुढं मिसळ आणि गाणी असा पर्याय नव्हता. गाणी वगळलेलं ताट आणि नुसती गाणी यांतून निवड करायची होती. पंगतीतून गोड काढून घ्यायचं आणि पाहुणा उठला की त्याला चव नाही म्हणायचं, असा हा न्याय आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ती जुनी मिसळ सरकारी होती, बातमी सरकारच्या मर्जीतली होती, आणीबाणीत तर ती सरळ सरकारी भोंगा झाली, तिच्या आठवणीनं गहिवरायचं कशाला? हे मान्यच करायला हवं. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला आणि 1997 मध्ये प्रसार भारती आली, त्यामागं हाच अनुभव होता. पण मक्तेदारी हा मालकीचा दोष आहे आणि मिसळ हा रचनेचा गुण. पहिला घालवताना दुसराही टाकून द्यावा लागतो, असा काही नियम नाही. उलट निकालाचा खरा अर्थ लावला, तर लहर जनतेची असल्यामुळं ती वापरणाऱ्याकडून जनतेला काही मागता येतं. आणि आजवर आपण मागितलं ते फक्त शुल्क.

तिसरा आक्षेप आजचा: हातात मोबाइल असताना रेडिओच्या रचनेची चर्चा हवी कशाला? आकाशवाणीच्या वाहिन्याही न्यूजऑनएअरच्या ॲपवर मिळतात. बेळगावच काय, अमेरिकेतही धारवाड ऐकता येतं. खरं आहे, पण मोबाइल जे शोधावं ते देतो, आणि एकदा ऐकलेलं पुन्हा पुन्हा पुढं करतो. तो फॉरमॅटचाच शेवटचा टप्पा आहे. तिथं वाहिनीचा श्रोता एका माणसापर्यंत आक्रसतो. ज्याची आपल्याला कल्पनाच नाही, ते शोधायचं कसं? शेजारच्या तालुक्यात पावसानं काय केलं किंवा आपल्याच गल्लीतल्या दुसऱ्या भाषेत कोणतं नाटक चाललंय, हे कोणी शोधत बसत नाही. ते कानावर पडावं लागतं.

मिसळ आजही जमते, याचा पुरावाही धारवाडमध्येच आहे. इथल्या कृषी विज्ञान विद्यापीठानं 2007 मध्ये स्वतःचं सामुदायिक रेडिओ केंद्र काढलं. साताऱ्याच्या दुष्काळी माणमध्ये म्हसवडला माणदेशी तरंग 2008 मध्ये सुरू झालं. अशा केंद्रांचा पोशिंदा संस्था असते, जाहिरातदार दुय्यम, म्हणून तिथं पीक, आरोग्य, ओवी आणि फर्माइश एकाच सकाळी नांदतात. मर्यादा आहे ती लहरीची: 100 वॅटची परवानगी आणि दहा-पंधरा किलोमीटरचं अंगण. पोशिंदा अनुकूल असला तरी पल्ला आखूड, अशी ही अडचण. आकाशवाणीकडं नेमकं उलट आहे, पल्ला आहे पण घडी मोडलेली. एप्रिल 2023 मध्ये 100 वॅटचे 91 नवे एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले, ही चांगलीच गोष्ट. पण अशा छोट्या प्रक्षेपकांचं मुख्य काम दुसरीकडचा कार्यक्रम पुढं पोचवणं हे असतं. त्यानं आवाज गावात येतो, गावाचा आवाज तयार होत नाही.

करण्यासारखं काय आहे, ते या सगळ्यातून निघतं. खाजगी एफएमला स्थानिक बातम्यांची मुभा द्यावी आणि त्या बदल्यात लहरीचं भाडं म्हणून दिवसातला काही काळ परिसराच्या कामाला मागून घ्यावा. आकाशवाणीनं तर आणखी सोपं करावं. धारवाडच्या 103 वर दोन गाण्यांच्या मध्ये प्राथमिक वाहिनीचे पाच मिनिटांचे तुकडे पेरावेत: बाजारभाव, पाऊस, एखादी बंदिश, सीमेपलीकडच्या भाषेतला एखादा कार्यक्रम. गीतरामायणाच्या वेळी जे जमलं ते याहून अवघड होतं. दाजीबानपेठेतला दुकानदार तीन भाषांत गिऱ्हाईक सांभाळतो; दोन लहरींची गाठ मारायची असेल, तर ती मात्र त्याला स्वतःच काटा फिरवून मारावी लागते. 1957 साली केंद्रानं आपल्या अंगावरचं हे काम श्रोत्याच्या बोटांवर सोपवलं. ते परत घ्यायला नवी लहर लागत नाही आणि नवा प्रक्षेपकही लागत नाही, कारण दोन्ही वाहिन्या आजही एकाच केंद्राच्या आहेत.